कॉइल गनचं ऑनलाइन किट: कॉइल झकास, पण कपॅसिटर रिकामा करायची सोयच नाही

दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता, अकरावी सायन्सला आहे, आणि आल्यापासून एकच धोशा, मामा आपण कॉइल गन बनवूया. मलाही मनातून करायचीच होती, कॉलेजात असल्यापासून राहून गेलेली गोष्ट, त्यामुळे फार आढेवेढे न घेता ऑनलाइन एक किट मागवलं. ब्रँड वगैरे काही नाही, खोक्यावर नाव नाही, २६५० रुपये पडले. विकणाऱ्याचं नाव मी इथे देत नाही कारण हेच किट पाच-सहा जण वेगवेगळ्या नावाने विकतात आणि फोटो सगळ्यांचे सारखेच. दीड महिना वापरून झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय. आधीच सांगून टाकतो, किटचा खेळाचा भाग चांगला आहे, पण त्यात जो कपॅसिटर बँक (वीज साठवणाऱ्या कपॅसिटरची जोडी) दिलाय तो माणसाच्या जिवावर बेतू शकतो आणि तो रिकामा करायला किटमध्ये काहीही दिलेलं नाही. ज्यांना मुलांसाठी गिफ्ट म्हणून घ्यायचंय त्यांनी हे पूर्ण वाचा मगच ऑर्डर करा.

कॉइल गन म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत. तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिच्या मधून एक नळी, नळीत लोखंडाचा छोटा तुकडा. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका क्षणात गुंडाळीतून सोडली की ती जबरदस्त चुंबक होते आणि तुकड्याला आत खेचते, तुकडा मध्यावर पोचेपर्यंत करंट संपला पाहिजे, म्हणजे तो आलेल्या वेगाने पुढून बाहेर पडतो. बस एवढंच. आत दारू नाही, हवा नाही, स्प्रिंग नाही.

खोक्यात निघालेलं सामान असं, ४७० मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे दोन मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एका पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) पॅरलल लावलेले, एक बूस्टर मॉड्यूल (८ ते ३२ व्होल्ट घेतं आणि ४५ ते ३९० व्होल्ट देतं, हे मॉड्यूल सुटंही मिळतं), एक दणकट एससीआर (बटण दाबलं की साठवलेली वीज कॉइलमध्ये सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), आधीच गुंडाळलेली कॉइल, अ‍ॅक्रिलिकची नळी, पुश बटण, आणि अ‍ॅक्रिलिकचे कापलेले भाग ज्यातून पिस्तुलासारखी मूठ तयार होते. कागदावर एक क्यूआर कोड, स्कॅन केला की व्हिडिओ. मॅन्युअल नाही, सर्किट डायग्राम नाही, धोक्याची सूचना म्हणून एक ओळसुद्धा नाही. बॅटरी आपली आपण आणायची, मी यूपीएसची जुनी १२ व्होल्ट ७ एएचची लावली आणि मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज टाकला.

आता चांगलं ते आधी सांगतो. कॉइल खरंच छान गुंडाळलीये, थर एकावर एक बसलेले, कुठे सैल नाही, वरून वॉर्निश मारलेलं, हाताने एवढं स्वच्छ वाइंडिंग पहिल्या प्रयत्नात कुणालाच जमत नाही. कपॅसिटर खोटे नाहीत, ही मला भीती होती, मीटरवर एक ४३८ आणि दुसरा ४४१ निघाला, ४७० च्या मानाने कमी पण २० टक्के टॉलरन्समध्ये आरामात बसतात. पीसीबीवरचे सोल्डरिंगचे डाग चकचकीत आणि भरीव. बूस्टर बोलल्याप्रमाणे काम करतो, पाच-सहा सेकंदांत बँक भरतो.

आणि इथेच पहिल्या दिवशी जे झालं ते सांगतो.

मॉड्यूलचा पॉट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू, फॅक्टरीतूनच पूर्ण वर फिरवलेला होता. मी कॉइल न जोडता नुसतं चार्जिंग बघायचं म्हणून बॅटरी लावली, मीटरवर ३८६ व्होल्ट आले, भाचा खूश, मी बॅटरी काढली, चार्जरचा कनेक्टर पण काढला, आणि तेवढ्यात ताईने जेवायला हाक मारली. जेवलो, बडीशेप खाल्ली, गप्पा झाल्या, चाळीस-एक मिनिटांनी परत टेबलाशी आलो. कनेक्टर काढलेला, बॅटरी बाजूला ठेवलेली, कुठे लाइट नाही, आवाज नाही, पीसीबी अगदी मेल्यासारखा पडलेला. भाच्याने तो उचलायला हात पुढे केला. मी थांब म्हटलं, का म्हटलं ते आता सांगता येणार नाही, कदाचित गावी टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात बसायचो तेव्हाची सवय असेल. मीटर लावला तर ३१२ व्होल्ट. चाळीस मिनिटांनी, सगळं काढलेलं असताना. भाच्याचा चेहरा मी विसरणार नाही, आणि माझेही हात थंड पडले होते, कारण त्या पीसीबीच्या मागच्या बाजूला कपॅसिटरचे पाय उघडे आहेत आणि उचलताना बोटं बरोबर तिथेच जातात.

यात किटचा कपॅसिटर खराब नाही, उलट चांगला आहे म्हणूनच तो वीज धरून ठेवतो. चांगला इलेक्ट्रोलिटिक नुसता पडून असेल तर तासन्‌तास भरलेला राहतो. म्हणून तर त्याच्या दोन टोकांमध्ये कायमचा एक रेझिस्टर लावतात, ब्लीडर म्हणतात त्याला, जो हळूहळू सगळं पिऊन टाकतो. या किटच्या पीसीबीवर ब्लीडरसाठी जागासुद्धा ठेवलेली नाही. चार रेझिस्टर, फार तर चाळीस रुपयांचा माल, आणि तो वाचवलाय.

आकड्यात बोलायचं तर, साठवलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग. ९४० मायक्रोफॅरड आणि ३८६ व्होल्ट धरले तर ७० ज्यूल. हॉस्पिटलमध्ये बेताल थरथरणाऱ्या हृदयाला डिफिब्रिलेटरने जो झटका देतात तो साधारण १५० ते २०० ज्यूलचा असतो, म्हणजे त्याच्या निम्म्याच्या आसपासची ऊर्जा आपल्या टेबलावर उघड्या पायांत बसलेली, आणि ती एका हातातून आत शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडली तर वाटेत छातीच येते. घरातल्या २३० व्होल्टच्या शॉकला निदान ईएलसीबी (शॉक बसला की वीज तोडणारा ब्रेकर) असतो. कपॅसिटरच्या आणि तुमच्या मध्ये कुठलाही ब्रेकर नसतो, जे काही आत आहे ते सगळं एका दमात येतं. आणि वर्गाचं गणित लक्षात घ्या, व्होल्टेज निम्मं केलं की ऊर्जा चौथाई होते, २०० व्होल्टवर तीच बँक १९ ज्यूलच्या आत येते. म्हणून मी पहिलं काम केलं ते पॉट खाली आणायचं, आणि तेही प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने, कारण तो पॉट हाय व्होल्टेजच्या ट्रॅकला अगदी खेटून आहे.

त्या दिवशी ३१२ व्होल्ट उतरवायला माझ्याकडे धड काही नव्हतं. माळ्यावरून ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब काढले, सिरीजमध्ये जोडले, लांब वायरला क्लिप लावून एक हात खिशात ठेवून लावले. दोन्ही बल्ब लख्ख उजळले आणि विझले. तेवढ्या एका उजेडाने भाच्याला जे कळलं ते मी तासभर बोलून समजावू शकलो नसतो. मीटर शून्यावर. मग मुद्दाम तसंच ठेवलं आणि तासाभराने परत मोजलं तर ११ व्होल्ट. कुणी हात लावलेला नाही, चार्जर दुसऱ्या खोलीत. हे पण पुस्तकात असतं पण डोळ्यांनी बघेपर्यंत पटत नाही, कपॅसिटरच्या आतल्या डायलेक्ट्रिकमध्ये (इन्सुलेशनच्या थरात) थोडी वीज मुरून बसते आणि नंतर हळूहळू वर येते. ११ व्होल्टने काही होत नाही, पण मोठ्या हाय व्होल्टेज कपॅसिटरमध्ये हेच प्रमाण धोक्याच्या आकड्यापर्यंत जातं, म्हणून असे कपॅसिटर ठेवताना कायम दोन टोकांना तार बांधून ठेवतात.

आता विकणाऱ्याच्या त्या व्हिडिओबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. व्हिडिओत बँक रिकामी कशी करायची हे दाखवलंय, आणि दाखवलंय काय तर स्क्रू ड्रायव्हर दोन्ही पायांवर आडवा ठेवायचा. फाट्‌ आवाज, ठिणगी, झालं. आपल्याकडे बरेच मेकॅनिकही असंच करतात, मला माहितीये, मीही पाहिलंय. पण ७० ज्यूल एका टोकावर सोडले की तिथलं धातू वितळून उडतं, डोळ्यात गेलं तर डोळा गेला, टोक चिकटून बसू शकतं, आवाजाने माणूस दचकून दुसरा हात भलतीकडे टेकतो, आणि शेकडो अँपिअरचा धक्का बसल्यामुळे कपॅसिटरची आतली जोडणीही कमकुवत होते. मी विकणाऱ्याला लिहिलं की तो भाग काढा आणि ब्लीडर द्या, उत्तर आलं थँक यू फॉर युवर फीडबॅक. व्हिडिओ अजून तसाच आहे. ज्या गोष्टीने एखाद्या पोराचा डोळा जाऊ शकतो ती दुरुस्त करायला एवढा वेळ लागायला नको.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बुधवार पेठेत गेलो, तपकीर गल्लीत. पुण्यातल्यांना सांगायला नको, त्या बोळात सुटा माल मिळणार नाही असं होत नाही. एका छोट्या दुकानात, जेमतेम चार फुटांचं काउंटर आणि मागे छतापर्यंत प्लास्टिकच्या ड्रॉवरची भिंत, सत्तरीच्या आसपासचे काका बसलेले. मी म्हटलं, काका १०० के ओहमचे पाच वॅटचे दोन सिमेंट रेझिस्टर द्या. त्यांनी ड्रॉवर उघडलाच नाही, चष्मा वर केला आणि विचारलं, "कशावर लावणारेस?"

सांगितलं.

"व्होल्ट किती?"

"३९० पर्यंत जातो काका, पण आम्ही २०० वर चालवणार."

"आज २०० वर चालवशील, उद्या हा पोरगा पॉट फिरवेल. एक एक नको लावूस, रेझिस्टरला नुसती वॅटची नाही व्होल्टेजची पण मर्यादा असते. ४७ के चे दोन सिरीजमध्ये घे, म्हणजे निम्मं निम्मं वाटून जाईल. आणि प्रत्येक कपॅसिटरच्या पायावर वेगळी जोडी लाव, पीसीबीवर नको. कपॅसिटर उपटून हातात घेतला तरी त्याचा ब्लीडर त्याच्याबरोबर आला पाहिजे."

मग भाच्याकडे वळून म्हणाले, "बाळा, आधी तो रिकामा कसा होतो ते मला सांग, मग भरायचं बघू." आणि खरंच त्याच्याकडून वदवून घेतलं, दुकानात गिऱ्हाईक थांबलेलं असताना. त्यांनी विकलेला एकूण माल ३०० रुपयांच्या आतला होता. दुकानाचं नाव देत नाही, काकांना विचारलेलं नाही म्हणून, पण अशा दुकानात जाऊन माल घेण्यात आणि कार्टमध्ये टाकण्यात हाच फरक आहे, आणि त्यासाठी मी दुप्पट पैसेही आनंदाने देईन.

काकांचं गणित घरी मांडून बघितलं. ९४ के आणि ४७० मायक्रोफॅरड, टाइम कॉन्स्टंट, म्हणजे व्होल्टेज साधारण ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ, साधारण ४४ सेकंद. म्हणजे ३८६ वरून ५० व्होल्टला यायला दीड मिनिट, आणि पाच टाइम कॉन्स्टंट म्हणजे पावणेचार मिनिटांत तीन व्होल्टच्याही खाली. प्रत्येक रेझिस्टरवर एक वॅटपेक्षा कमी उष्णता, पाच वॅटचा असल्यामुळे नुसता कोमट राहतो. चार्जरवर याचा भार नगण्य. हे लावल्यावर तो चाळीस मिनिटांचा प्रयोग मुद्दाम परत केला, मीटरवर शून्य पॉइंट काहीतरी.

ब्लीडर लावला म्हणून त्याच्यावर विसंबून राहायचं नाही हे मात्र पक्कं धरा. डाग सुटू शकतो, रेझिस्टर आतून तुटू शकतो. म्हणून दुसरी गोष्ट केली ती डिस्चार्ज काठी. अर्ध्या इंची पीव्हीसी वायरिंग पाइपचा फूटभर तुकडा, आत २.२ के २० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, एका बाजूने जाड इन्सुलेशनची वायर आणि मगरक्लिप, दुसऱ्या टोकाला पितळेची पिन बाहेर आलेली. आधी क्लिप निगेटिव्हला, मग काठी लांबून धरून पिन पॉझिटिव्हला, मनात पंधरा आकडे मोजायचे. ठिणगी नाही, आवाज नाही, काहीच घडल्यासारखं वाटत नाही आणि तेच हवंय. मग मीटर. मग दोन टोकांना शॉर्टिंग वायर. मगच हात. एक लाल एलईडी पण लावलीये वेगळ्या २२० के मधून, बँक भरलेली असली की पेटते, पण एलईडी विझली म्हणजे रिकामी झाली असं अजिबात नाही, वीस-तीस व्होल्टवर ती इतकी मंद असते की दिवसा दिसतच नाही. एलईडी फक्त भरलंय एवढं सांगते, रिकामं झालंय हे मीटरच सांगतो. आणि मीटर चांगला घ्या, सहाशे व्होल्ट कॅट थ्री (मीटरची सुरक्षा श्रेणी) लिहिलेला, प्रोब न फाटलेले. तो दीडशे रुपयांचा पिवळा मीटर यासाठी नाही.

बाकी आमच्या घरी ठरलेल्या गोष्टी म्हणजे, एकट्याने चार्ज करायचं नाही, दुसरा माणूस खोलीत पाहिजे आणि त्याला बॅटरीचा स्विच कुठे आहे ते माहीत पाहिजे. एक हात पाठीमागे किंवा खिशात. पायात रबरी चप्पल, फरशी कोरडी. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन काढून ठेवायची. गॉगल कायम, कारण इलेक्ट्रोलिटिक उलटा लागला किंवा जास्त व्होल्टेज पडलं तर त्याच्या डोक्यावरची जी खाच असते तिथून फाटतो आणि आतलं गरम द्रव फवाऱ्यासारखं उडतं. पट्टी छापलेली बाजू निगेटिव्ह, दोनदा बघायचं. चार्जिंगचा स्विच मी बदलून दाबून धरायचा लावला, सोडला की चार्जिंग बंद, म्हणजे भरत ठेवून कुणी विसरणार नाही. फायरचं बटण दीड मीटर वायरवर. आणि कधी कुणाला शॉक बसलाच तर आधी सप्लाय तोडायचा, माणसाला लगेच हात लावायचा नाही, १०८ ला फोन, आणि नंतर ठीक वाटत असलं तरी डॉक्टरकडे नेऊन ईसीजी काढायचा, आता काही होत नाहीये म्हणून घरी बसायचं नाही.

किटमधला अजून एक दोष, हा पटकन सांगतो कारण तांत्रिक आहे पण महत्त्वाचा आहे. कॉइलमधला करंट एकदम थांबत नाही, कपॅसिटर रिकामा झाल्यावरही तो वाहत राहू पाहतो आणि कपॅसिटरला उलट्या दिशेने भरतो, इलेक्ट्रोलिटिकला हे चालत नाही, तो फुगतो. त्यासाठी कॉइलला आडवा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावतात. किटमध्ये डायोड आहे, पण कुठला तर १एन४००७, जो एका अँपिअरचा आहे आणि क्षणभरासाठी ३० अँपिअर सहन करतो. इथे करंट काहीशे अँपिअरच्या घरात जातो. तेराव्या शॉटला तो गेला, शॉर्ट न होता आतून तुटला, आणि मी दर पाच-सहा शॉटनंतर डायोड तपासत होतो म्हणून लक्षात आलं, नाहीतर पुढचे सगळे झटके कपॅसिटरने खाल्ले असते. त्याच्या जागी काकांकडूनच ६ए१० चे दोन आणून पॅरलल लावले, ते क्षणभर ४०० अँपिअर घेतात, तेव्हापासून काही नाही. दोनचे मिळून ३० रुपये.

आता आनंदाचा भाग, कारण आनंद खूप मिळाला हेही तितकंच खरं आहे.

आम्ही पिस्तुलाची मूठ जोडलीच नाही. प्लायवूडच्या फळीवर सगळं स्क्रूने पक्कं केलं, कॉइल एका जागी, समोर साधारण सव्वा मीटरवर बुटांचं खोकं, त्यात जुनी गोधडी कोंबलेली. यामागे कायदाही आहे, आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीची जी व्याख्या आहे त्यात फक्त दारूच नाही, इतर कुठल्याही प्रकारच्या ऊर्जेने काही फेकणारं साधनही येतं. त्यामुळे हातात धरायचं, कमरेला लावायचं, व्हिडिओ काढून टाकायचं असलं काही करू नका, फळीवरचा फिजिक्सचा प्रयोग म्हणून ठेवा. विकणाऱ्याने मुठीऐवजी एक साधा स्टँड दिला असता तर किट कितीतरी बरं झालं असतं.

गोळी म्हणून तीन इंची खिळ्याचा तीन सेंटीमीटरचा तुकडा, दोन्ही टोकं कानशीने घासून बोथट केलेला, वजन चार ग्रॅम. भाच्याने आधी स्टीलच्या चमच्याचा तुकडा आणला होता, तो जागचा हलला नाही, मग लोहचुंबक लावून बघितलं तर त्याला तो चिकटतच नव्हता, तेव्हा कळलं की सगळं स्टील चालत नाही. मग खिळा नळीत कुठे ठेवायचा हा प्रश्न, आणि खरं सांगतो, या एका प्रश्नात आमचे दोन रविवार गेले आणि सुट्टीतला सगळ्यात चांगला वेळ तोच. खिळ्याचं पुढचं टोक कॉइलच्या तोंडाशी, की पाच मिलिमीटर आत, की दहा. नळीवर मार्करने मिलिमीटरच्या खुणा केल्या. खूप मागे ठेवला तर नुसता थरथरतो. जास्त आत ठेवला तर मध्यावर लवकर पोचतो, करंट अजून चालूच असतो, मग कॉइल त्याला पुढे जाऊ देत नाही, मागे खेचते, एकदा तर तो मागच्या बाजूने टप्पकन बाहेर आला आणि भाचा टाळ्या वाजवायला लागला, कारण हेच त्याने आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं की असं व्हायला पाहिजे. शेवटी सात मिलिमीटर आतवर सर्वात चांगला निकाल आला.

वेग मोजायला फोनवर फायफॉक्स टाकलं, जर्मनीतल्या आखेन युनिव्हर्सिटीचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. कॉइलच्या टक आवाजाला सुरू, खोक्याच्या धप आवाजाला बंद. १.२ मीटरला ०.१३ सेकंद आले, म्हणजे सेकंदाला नऊ मीटर आणि थोडं वर. कुणी क्रिकेटचा बॉल अगदी हळू टाकावा एवढाच वेग. आता हिशोब करा, चार ग्रॅम आणि नऊ मीटर म्हणजे ०.१६ ज्यूल, आणि आपण घातले होते १९. एक टक्कासुद्धा हातात आला नाही, बाकी जवळपास सगळं तारेच्या आणि सर्किटच्या उष्णतेत गेलं, दहा शॉट लागोपाठ केले की कॉइल हाताला गरम लागते. पहिल्या कॉइल गनला एक-दोन टक्के हेच होतं, यात किटची चूक नाही. पण यावरून भाच्याला जे उमगलं ते मला फार आवडलं, तो म्हणाला मामा, म्हणजे गोळीपेक्षा कपॅसिटर शंभर पटीने जास्त डेंजर आहे. बरोबर आहे. लोक समोरच्या टोकाकडे बघतात आणि धोका मागच्या पीसीबीवर असतो.

भाच्याच्या प्रदर्शनाच्या चार्टसाठी कॉइल गनचा इतिहास शोधताना नॉर्वेच्या क्रिस्टियान बिर्कलँडचं नाव सापडलं. विजेच्या तोफेचं पेटंट त्याने १९०१ च्या सुमारास घेतलं, आणि १९०३ मध्ये आजच्या ऑस्लोमध्ये विद्यापीठाच्या सभागृहात लोकांसमोर ती चालवून दाखवताना शॉर्ट सर्किट झालं, मोठा आर्क (विजेचा झगझगीत लोळ) उडाला, प्रयोग फसला. पण त्याच आर्कवरून पुढे त्याने साम एयडेबरोबर हवेतला नायट्रोजन पकडून खत करायची भट्टी उभी केली, नॉर्स्क हायड्रो ही कंपनी १९०५ मध्ये त्यातूनच निघाली. हे वाचून आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो होतो.

घ्यावं का विचाराल तर, ज्याने आधी एसएमपीएस (कॉम्प्युटरमधला पॉवर सप्लाय) उघडलाय, मीटर हातात घेतलाय, ब्लीडर आणि काठी स्वतः करू शकतो, त्याने घ्यावं, कॉइल आणि कपॅसिटरचे पैसे वसूल आहेत. पहिलाच प्रोजेक्ट असेल, किंवा घरात लहान मुलं असतील, तर हे किट नका घेऊ. त्यापेक्षा ४७०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचे तीन कपॅसिटर सुटे आणा, ४८ व्होल्टवर चालवा, १६ ज्यूल होतात, म्हणजे आम्ही २०० व्होल्टवर जेवढे घालत होतो त्याच्या जवळपास, आणि ६० व्होल्ट डीसीच्या आत असल्यामुळे कोरड्या हाताला झटक्याची भीती जवळपास नाही. तिथेही शॉर्ट झाला तर भाजतं, अंगठी वितळते, ब्लीडर तिथेही लावायचाच. वेग थोडा कमी मिळेल, कॉइल जाड तारेची कमी वेढ्यांची लागेल, ती मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते, एसडब्ल्यूजी २० (तारेच्या जाडीचा नंबर) मागा. आणि जुन्या बाजारातले फुगलेले किंवा वर्षानुवर्षं पडलेले कपॅसिटर कृपा करून वापरू नका, तिथे शंभर रुपये वाचवू नका.

माझ्याकडून कॉइलला पाचपैकी पाच, चार्जरला साडेतीन, डायोडला एक, आणि सुरक्षेला शून्य. पूर्ण किटला मी दोन स्टार दिलेत आणि लिस्टिंगवर फोटोसह लिहिलंय, ३१२ व्होल्टच्या मीटरचा फोटो पण टाकलाय. विकणाऱ्याने ब्लीडर लावून, व्हिडिओ बदलून, मराठी हिंदीत एक पानाची सूचना टाकली तर त्याच दिवशी चार करेन.

भाचा गावी गेला तेव्हा फळी इथेच ठेवून गेला, कपॅसिटरच्या टोकांना शॉर्टिंग वायर त्याने स्वतः बांधली आणि निघताना फोटो काढून आईला दाखवला. आता उन्हाळ्यात येईल तेव्हा दुसरी कॉइल आणि मध्ये आयआर सेन्सर (गोळी पोचल्याचं ओळखणारा) लावायचं ठरलंय, ४८ व्होल्टवर. पाव किलो तार आणून ठेवलीये.